पिशवीताईंचे हात

पिशवीताई आमच्या गल्लीत शिरल्या की आधी कुत्री उठून बसायची. एवढी थोरली पिशवी, म्हणजे आत काहीतरी खायचं असणारच, असा त्यांचा हिशोब. कुत्र्यांना कशाला हसू, पहिल्या दिवशी माझाही हिशोब तोच होता. दारात एक उंच, हाडकुळी बाई उभी, खांद्याला पोत्याएवढी कापडी पिशवी, आणि म्हणते, "दवाखान्याकडून आले. ज्या घरी तान्हं बाळ असतं तिथे आम्ही जातो. येऊ का आत?" मी म्हटलं, चला, दुधाच्या पावडरीचा डबा तरी मिळेल. गेला बाजार एखादा खुळखुळा.

पिशवीतून निघालं काय? एक टॉवेल, पाण्याची बाटली आणि घरात घालायच्या सपाता. बस्स! बाकी पिशवी रिकामी.

"मग एवढी मोठी कशाला?" मी विचारलंच. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

"आईने शिवलीय. फाटतच नाही मेली," त्या म्हणाल्या. "तुमचं बाळ कुठाय?"

त्यांचं नाव कागदावर काही का असेना, सगळे त्यांना पिशवीताईच म्हणायचे. दर बुधवारी दुपारी यायच्या. आल्या की बाहेरच्या चपला जिन्यात काढून सपाता घालायच्या, नळाखाली हात धुवायच्या, स्वतःच्या टॉवेलने एकेक बोट पुसायच्या आणि मग तळवे एकमेकांवर असे चोळायच्या की लांबूनही ऊब लागावी. एवढा सगळा थाट झाला की खाली चटईवर बसायच्या आणि ते स्वच्छ, गरम हात स्वतःच्या मांडीवर ठेवून द्यायच्या. बाळाला बोट म्हणून लावायच्या नाहीत.

"एवढे धुतले ते मांडीवर ठेवायला?" मी म्हटलं.

"वेळ आलीच तर असावेत तयार," त्या म्हणाल्या. "पण येऊ नये वेळ."

खेळण्याचंही तसंच. एक साधा चेंडू आणत नाही म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, "आणलेलं खेळणं जाताना परत न्यावं लागतं. मग पोराला वाटतं, गंमत पिशवीतून येते आणि पिशवीतूनच जाते. तुमच्या घरात वाटी आहे ना? चमचा आहे ना? झालं तर." मला वाटलं, काय चिक्कू दवाखाना आहे!

आता माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा फोन असे खिशात नव्हते. समोर भोकांचा मोठा फळा, हातात वायरी, कानाला हेडफोन आणि दिवसभर बडबड. भांडखोर व्यापारी, रडणाऱ्या म्हाताऱ्या, दारू पिऊन चुकीचा नंबर मागणारे, सगळ्यांना मी पुरून उरायचे. आमचे हे छापखान्यात कामाला. त्यांचं तोंड घरात उघडायचं ते जेवायला. त्यामुळे घरातलं बोलणंही माझ्याकडेच.

आणि अशी ही मी, पोटच्या पोरीसमोर मुकी झाले.

लोक म्हणतात, बाळाला पाहिलं की आनंद होतो. मला फक्त झोप येत होती. पोर रडायला लागली की अंगाला कापरं भरायचं. तिला पाजायचे, पुसायचे, कपडे बदलायचे, सगळं करायचे, पण हॉटेलातला पोऱ्या टेबल पुसतो तसं. तिच्याशी बोलायला तोंड उघडायचे आणि आत काहीच नसायचं. तीही माझ्याकडे बघायची नाही. छताकडे बघायची. मला वाटायचं, हिलाही कळलंय की चुकीच्या नंबरावर लागलीय.

माझ्या मदतीला सासूबाई आल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या हं. हे आधीच सांगून टाकते, कारण सुनेच्या तोंडून सासूची गोष्ट निघाली की लोकांचे कान टवकारतात. कामाला वाघ होत्या. पण त्यांना रोग दिसला की लगेच औषध सुचायचं. औषध असं सुचलं की पोरीला दुसऱ्या गावी, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे न्यायचं. जाऊबाईंनी तीन पोरं हातासरशी वाढवलेली. "इथे ही वाळत चालली आणि पोरही. वर्षभर राहू दे तिकडे. काय बिघडलं? घरातच आहे की," सासूबाई म्हणायच्या. थोरले दीर सासूबाईंना न्यायला येणार होते, तेव्हा पोरही जाणार. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आई म्हणते त्यात तथ्य असेल." झालं! आमच्या ह्यांचं मत नेहमी आईच्या मतामागून रिकाम्या डब्यासारखं खडखडत जायचं.

आणि खरं सांगू? मी नाही म्हणाले नव्हते. मलाही वाटत होतं, तिकडेच जाईल तर जगेल बिचारी. रात्रभर उशी भिजायची, आणि सकाळी तोंडातून शब्द फुटायचा नाही. पोर गेली तर ती परत माझी होणार नाही, हे मला कळत होतं. मावशी-काकूंकडे वाढलेली पोरं मी पाहिली होती. आईला बघून पाहुणी आल्यासारखी लाजतात.

एका बुधवारी सासूबाई खाली दुकानात गेल्या होत्या. पिशवीताईंनी सहज विचारलं, "एक्स्चेंजमध्ये पहिलं वाक्य काय म्हणायचात?"

"नमस्कार, कोणता नंबर देऊ?"

"कशा आवाजात?"

मी तो आवाज काढला. गोड, वरच्या पट्टीतला, नोकरीचा. आणि चटईवर पडलेल्या पोरीने मान वळवली. छताकडे बघणं सोडून थेट माझ्याकडे! डोळे हे एवढे.

"अगं बाई!" मी म्हटलं.

"अगं बाई काय? नऊ महिने ती त्या फळ्यासमोरच बसली होती की तुमच्यासोबत," पिशवीताई म्हणाल्या. "घरात आल्यापासून तिच्या ओळखीचं कोणी बोललंच नाही."

मी पुन्हा म्हटलं, "लाइन बिझी आहे, थोडं थांबा हं." पोरीने ओठ हलवले. मला हसू आलं आणि रडूही. किती दिवसांनी माझ्याच घरात मला माझा आवाज ऐकू आला होता.

पण माझं नशीब बघा. दुसऱ्या दिवशी मी तेच करत होते आणि सासूबाईंनी ऐकलं. "पोरीशी असं कोणी बोलतं का? नंबर काय, लाइन काय! डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," असं म्हणून त्या हसल्या. वाईट हेतूने नव्हे, पण हसल्या. मी पुन्हा तोंड मिटलं. पोर पुन्हा छताकडे बघायला लागली.

त्यानंतरच्या बुधवारी ते घडलं. पोर सकाळपासून किंचाळत होती. सासूबाई दमल्या होत्या. मी भिंतीला पाठ लावून, कानांवर हात ठेवून बसले होते. पिशवीताई आल्या, सपाता घातल्या, हात धुतले, पुसले, चोळले. खाली बसल्या. मांडीवर हात ठेवले. पोर काळीनिळी होईपर्यंत रडत होती आणि त्यांची बोटं मांडीवर वळवळत होती. मग ती बोटं त्यांचं ऐकेनात. त्यांनी पोरीला उचललं, पालथं करून स्वतःच्या हातावर आडवं टाकलं, दुसरा तळवा पाठीवर ठेवला. एवढंच केलं. गाणं नाही, झुलवणं नाही. पोर गप्प! असं काही शांत झालं घर की नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

मला आधी हायसं वाटलं. मग सासूबाई बोलल्या.

"बघितलंत? परक्या बाईच्या हातात गप्प झाली. म्हणजे पोरीत काही खोट नाही." माझं नाव नाही घेतलं, पण घ्यायचं राहिलं काय होतं? "रविवारी थोरला येतोय. पोर माझ्याबरोबर येईल. ठरलं."

पिशवीताईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पोरीला माझ्याकडे दिलं, आणि ती लगेच रडायला लागली. सासूबाईंनी मान हलवली. पिशवीताई उठल्या आणि सपाता घालूनच जिना उतरल्या. चपला आमच्या दाराशीच राहिल्या. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. म्हटलं, भली मदत करायला आली! हिच्या हाताला गुण, आणि शिक्षा मला.

शनिवारी मी पोरीचे कपडे घड्या करत होते. सासूबाई त्याचं गाठोडं बांधत होत्या. एकेक झबलं हातात घ्यायचं, घडी घालायची, द्यायचं. मला वाटत होतं, मी कुणा दुसऱ्याच्या पोरीचं सामान बांधतेय. पोर सासूबाईंच्या मांडीवर शांत पडली होती. तेवढ्यात दार वाजलं. पिशवीताई! वार नसताना.

"चपला राहिल्या होत्या," म्हणाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नव्हती ती, पण त्या दिवशी लपवलं. आत आल्या आणि सरळ नळाकडे गेल्या. बराच वेळ हात धूत राहिल्या. टॉवेल पिशवीतच राहिला. घाईत असतील, असं मला वाटलं.

"जाणार ना बाळ? बघू तरी एकदा," असं म्हणत त्यांनी सासूबाईंच्या मांडीवरून पोरीला उचललं.

पोरीने असा भोंगा पसरला की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवली. पिशवीताईंनी तिला स्वतःपासून लांब, कपडे वाळत घालताना धरतात तसं, तिच्या काखांत हात घालून धरलं होतं. मान डुगडुगत होती. खरं तर त्यांचा अंगठा मानेमागेच होता, पण तेव्हा कोणाला दिसतंय?

"अहो, मान!" मी ओरडले. "मान धरा की! एवढंही कळत नाही?"

"बाई बाई, काय झालं हिला? घ्या हो तुम्हीच," असं म्हणून त्या वळल्या. सासूबाईंनी हात पुढे केले होते. पण पिशवीताई त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे वळल्या आणि पोर माझ्या अंगावर आली.

मी तिला छातीशी धरलं. तिचं पोट गारठलेलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि रागात माणूस लाजायचं विसरतं. मी तोच आवाज लावला. "नमस्कार! कोणता नंबर देऊ? हं? कोण हवंय? आई हवीय? थांबा हं, जोडते. लाइन जोडली. बोला." पोरीने एक उचकी दिली. अजून एक. मग माझ्या कुडत्याचा गळा मुठीत धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत गप्प झाली.

सासूबाई बघत होत्या.

"आणा बघू पुन्हा. मघाशी उचलताना चुकलं माझं," पिशवीताई हात पुढे करून म्हणाल्या. त्यांचं बोट लागलं मात्र, पोर पुन्हा किंचाळली.

मी पाठ फिरवली. "नाही देणार!"

"अहो, एकदाच."

"नाही म्हटलं ना! कोणालाच देणार नाही. माझी आहे ती. माझ्याकडेच राहील. रडली तर रडेल, पण इथे रडेल!"

पोरीशीच काय, कोणाशीच मी कित्येक दिवसांत एवढं सलग वाक्य बोलले नव्हते. आता सासूबाई काय म्हणतात, म्हणून मी भिंतीकडेच तोंड करून उभी राहिले.

मागून गाठ सोडल्याचा आवाज आला. सासूबाई गाठोड्यातून एकेक कपडा बाहेर काढत होत्या. "हे दुपटं अजून ओलसर आहे," त्या म्हणाल्या. "वाळत घालते." मग दोरीशी उभ्या राहून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तसंच बोलत जा तिच्याशी. ऐकते ती."

रविवारी थोरले दीर आले आणि आपल्या आईला घेऊन गेले. पोर माझ्या कडेवर होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी जिन्यात उभं राहून कळलं.

पोर चालायला लागेपर्यंत पिशवीताई आमच्याकडे येत राहिल्या. मग दुसरी घरं. त्या गल्लीतून जाताना दिसल्या की मी खिडकीतून हाक मारायचे, "काय ताई, आज काय आणलंय पिशवीत?" त्या पिशवी उलटी करून झटकायच्या. गल्लीतल्या बायका मात्र त्यांची टिंगल करायच्या. "जन्मभर बाळांच्या घरी फिरली, पण एक बाळ हातात टिकत नाही बिचारीच्या. बोट लावलं की भोकाड!" मीसुद्धा हसायचे त्यात. त्या बुधवारी माझी पोर त्यांच्या हातावर कशी निजली होती, हे विसरून नव्हते गेले. पण एखाद्या दिवशी लागतो कुणाचाही नेम, असं मनाशी धरलं होतं.

मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न झालं, तिला दिवस गेले. एक्स्चेंजमधला फळा कधीच भंगारात गेला होता. एक दिवस मुलीला घेऊन मी पिशवीताईंना भेटायला गेले. त्या आता निवृत्त होऊन एका बेकरीच्या मागच्या खोलीत राहत होत्या. दार उघडंच होतं. खुर्चीत त्या बसलेल्या, केस पांढरे झालेले, आणि डाव्या हातावर कुणाचं तरी तान्हं पोर पालथं निजलेलं. उजवा तळवा पाठीवर. पोराच्या तोंडातून लाळ गळत होती, इतकं गाढ.

मी दारातच उभी राहिले.

"बेकरीवालीचा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आई भट्टीपाशी आहे. ती समोर असली की नाही घेत मी."

"त्या शनिवारी तुम्ही टॉवेल काढला नव्हता," मी म्हटलं. एवढ्या वर्षांनी ते माझ्या डोळ्यांसमोर असं लख्ख उभं राहिलं, नळ, ओले हात, पोरीचं गार पोट. "मुद्दाम गार हात लावलेत तिला. मुद्दाम वेड्यासारखं धरलंत."

त्या हसल्या. पुढचे दोन दात पडले होते. "तुमच्या सासूबाईंना कळलं होतं. त्या दिवशी मी निघताना म्हणाल्या, हात पुसा, सर्दी होईल."

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या कामाआधी त्या गिरणीच्या पाळणाघरात होत्या. शिफ्टवरच्या बायका पोरं ठेवून जायच्या आणि सगळी पोरं पिशवीताईंच्या हातात लोण्यासारखी विरघळायची. मालकीण खूश, नाव झालेलं. एका संध्याकाळी एक आई दमूनभागून आली, पोराकडे हात पसरले, आणि पोराने तोंड फिरवून ह्यांच्या गळ्याला मिठी मारली. "आई" म्हणालं ह्यांनाच. सगळे हसले. ती आईसुद्धा हसली, आणि फाटकाबाहेर जाऊन भिंतीशी उभी राहून रडली. "मी खिडकीतून बघितलं," पिशवीताई म्हणाल्या. "त्या महिन्यात नोकरी सोडली. म्हटलं, आपले हात चांगले आहेत, पण चांगल्या हातांनी दुसरीचं घर मोडतं. तुमच्याकडे त्या बुधवारी राहवलं नाही, आणि मोडतच होतं की."

"आणि गल्ली तुम्हाला हसायची ते?"

"हसू दे की. त्या हसत होत्या तेव्हा पोर त्यांच्या कडेवर असायचं."

मग माझ्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "तुला मी दोन मिनिटं रडवलं होतं, बाळा. माफी मागायची राहिली होती." माझी मुलगी, जी कोणापुढे वाकत नाही, अगदी माझ्यावर गेलेली, ती त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिने त्यांचा उजवा हात आपल्या गालाला लावला. "गरम आहेत हो," एवढंच म्हणाली.

पिशवीताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. मला फार आठवण येते त्यांची. कुठे मोठी पिशवी घेतलेली बाई दिसली की अजून मान वळते.

आता मी मुलीकडे आहे. नात दीड महिन्याची. आज दुपारी पोर रडायला लागली ती थांबेचना. मुलगी केस पिंजारलेली, डोळे सुजलेले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तूच घे ना. तुझ्याकडे कशी पटकन गप्प होते. मला नाही जमत. मी चांगली आई नाहीचे." त्या सपाट आवाजाची मला चांगली ओळख आहे. तो कुठून येतो तेही ठाऊक आहे. आणि हो, माझे हात आता चांगले झालेत. पालथं हातावर घ्यायचं, तळवा पाठीवर ठेवायचा, की नात गप्प. शिवशिवत होते नुसते.

"थांब, हात धुऊन येते," मी म्हटलं.

नळ सोडला आणि हात अगदी बधिर होईपर्यंत पाण्याखाली धरले. टॉवेल शेजारीच खुंटीला होता. तो तसाच ठेवून मी बाहेर आले आणि म्हटलं, "आण बघू इकडे."